घोडे तर विलायतेतही होते

गेल्या वर्षी आमच्या विभागात माझा प्रोग्रेस सेमिनार होता. विषय पितळाचं स्ट्रेस करोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि रसायन एकत्र आले की धातूला पडणारे तडे. या विषयाची सुरुवात सगळे जण एकाच गोष्टीनं करतात, म्हणून मीही केली. गोष्ट अशी: इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली जायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघायचा. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या तर पितळी पुंगळ्यांना उभे तडे गेलेले असायचे. म्हणून याचं नाव पडलं सीझन क्रॅकिंग.

स्लाइड संपली. बाहेरून आलेले परीक्षक सर शांतपणे म्हणाले, "बाई, घोडे तर विलायतेतही होते. मग तिथं का नाही फुटली?"

हॉल हसला. मीही हसले, कारण उत्तर नव्हतं. "पावसाळा सर, आर्द्रता," असं काहीतरी पुटपुटले. सर म्हणाले, "इंग्लंडमध्ये ऊन असतं का?" पुन्हा हशा.

तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. या विषयावर मी तीन वर्षं घालवली होती आणि त्याची पहिलीच गोष्ट मी न तपासता सांगत आले होते. मग ठरवलं की या गोष्टीची उलटतपासणी करायची. त्यासाठी तीन प्रकारचा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचला. एक, आमची पाठ्यपुस्तकं, जी ही गोष्ट सांगतात. दोन, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांचा १९२१ चा शोधनिबंध, ज्यावर ही गोष्ट उभी आहे. आणि तीन, जरा अनपेक्षित: हौशी लोकांसाठी लिहिलेली हँडलोडिंगची पुस्तकं. जुन्या, आता कुणी बनवत नाही अशा रायफलींसाठी दुसऱ्याच काडतुसाच्या पुंगळीपासून हवी ती पुंगळी कशी घडवायची, हे त्यांत असतं. अमेरिकेत हा मोठा छंद आहे. जॉन डॉनेली यांचं १९८७ चं काडतूस-रूपांतराचं मॅन्युअल हे त्यातलं ठळक नाव.

आधीच एक सांगते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. हा लेख काडतूस भरायला शिकवत नाही. मला त्या पुंगळीतलं पितळ हवंय, कारण या एका छोट्या वस्तूत माझ्या थिसिसचे जवळजवळ सगळे प्रश्न आहेत.

पुंगळी म्हणजे काय, आणि ती अशी का?

रायफलीच्या काडतुसाची पुंगळी म्हणजे एका बाजूला बंद असलेली पितळी नळी. खाली बूड, मग अंग, वर निमुळता खांदा, आणि त्यावर गोळी पकडणारी अरुंद मान. दारू पेटली की आत ३,००० बारच्या वर दाब तयार होतो. पातळ पितळ त्या क्षणी फुगतं, रायफलीच्या चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसतं आणि म्हणून बाहेर काढता येतं. म्हणजे एकाच तुकड्याकडून दोन विरुद्ध अपेक्षा आहेत. मान मऊ हवी, फुगून बसेल अशी. बूड कडक हवं, कारण तिथं चेंबरच्या भिंतीचा पूर्ण आधार नसतो.

या कामासाठी वापरतात ते पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे प्रमाण उगाच नाही. ताणलं तर न तुटता सगळ्यात जास्त लांबणारं पितळ साधारण याच प्रमाणाला मिळतं. एक चकती घ्यायची, तिची वाटी करायची, वाटी ओढत-ओढत लांब नळी करायची, मध्ये-मध्ये तापवून नरम करायची, शेवटी वरचं टोक डायमध्ये दाबून मान काढायची. पुण्यातल्या तांबट आळीत हंडा मठारताना जे होतं तेच इथंही होतं. ठोकलं, ओढलं, दाबलं की पितळ कडक होतं. तापवलं की पुन्हा मऊ.

पण गोम अशी की जे प्रमाण ओढायला सगळ्यात चांगलं, ते अमोनियासमोर फार हळवं आहे. जस्त १५ टक्क्यांच्या खाली असलेलं पितळ अमोनियाला बऱ्यापैकी दाद देत नाही. ३० टक्क्यांचं देतं. म्हणजे कमजोरी पागेत जन्मली नाही. ती मिश्रधातू निवडतानाच आली.

पाठ्यपुस्तकाची गोष्ट: खरी, पण सोयीची

आता पाठ्यपुस्तकं. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. अमोनियानं पितळ फुटतं हे आमच्या लॅबमधल्या कुणीही एका रात्रीत दाखवून देईल. एका बंद काचेच्या भांड्यात तळाला अमोनियाचं द्रावण, वर जाळीवर ओढलेल्या पितळी नळीचा तुकडा. सकाळी नळी काळपट झालेली असते आणि तिच्या लांबीला समांतर तडा असतो. बीएस्सीच्या पोरांना हे दाखवलं की वर्ग जागा होतो.

माझा आक्षेप गोष्टीच्या तोलावर आहे. स्ट्रेस करोजन क्रॅकिंगला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: हळवा मिश्रधातू, योग्य रसायन, आणि ताण. तिन्हीपैकी एक काढा, तडा थांबतो. पण गोष्ट सांगताना आपण फक्त रसायनाला चेहरा देतो. घोडा दिसतो, पागा दिसते, पाऊस दिसतो. ताण दिसत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. तो पुंगळीच्या भिंतीत कोंडलेला असतो आणि त्याला तिथं कारखान्यानं कोंडलेलं असतं.

मी वाचलेल्या पुस्तकांत ही गोष्ट कुठल्या छावणीतली, कुठल्या सालातली, हे बहुतेक ठिकाणी नसतंच. "ब्रिटिश इंडिया" आणि "मॉन्सून" एवढ्यावर भागतं. नावाबद्दलही एकमत नाही. सीझन म्हणजे पावसाळ्याचा मोसम असं एक स्पष्टीकरण, तर मुरवत ठेवलेल्या लाकडाला वाळताना पडतात तसे तडे म्हणून हे नाव, असं दुसरं. दुसरं खरं असेल तर गोष्टीतल्या पावसाचा नावाशी संबंधच राहत नाही. तरी परीक्षेत आपण पहिलंच लिहितो.

हे मला का खुपतं? कारण दोष कुणाकडे जातो ते बघा. जागेकडे. हवामानाकडे. घोड्यांकडे. थोडक्यात, हिंदुस्थानाकडे. माल घडवणारा नामानिराळा राहतो. आणि विद्यार्थी शिकतो काय, तर "काडतुसं पागेत ठेवू नका." ही सूचना चुकीची नाही, पण तिच्यासाठी धातुशास्त्र कशाला हवं?

सरांच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं आहे. विलायतेतल्या पुंगळ्यांच्या अंगातही तोच ताण होता आणि तिथल्या पागांतही अमोनिया होता. पण कोरडा अमोनिया पुरत नाही. पितळावर पाण्याचा अगदी पातळ थर लागतो. त्यात अमोनिया विरघळतो, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तांबं त्याच्याशी जोडलं जाऊन विरघळू लागतं, आणि ताण असेल तिथं ही झीज सरळ रेषेत आत शिरते. आपल्या पावसाळ्यात तो ओला थर महिनोन्महिने टिकतो आणि उबदारही असतो. म्हणजे पावसाळ्यानं नवं काही केलं नाही. कारखान्यात अर्धी झालेली गोष्ट त्यानं पूर्ण केली. सरांना हे सेमिनारमध्ये सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. असो.

१९२१ चा निबंध: जुना आहे म्हणून सोडू नका

मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांचा निबंध इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या जर्नलमध्ये आला. आपण त्याला एका वाक्यात गुंडाळतो: "यांनी अमोनिया हे कारण शोधलं." मूळ काम त्याहून मोठं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, मूर आणि बेकिन्सेल यांनी कमी तापमानाला तापवून ७०-३० पितळातला आतला ताण कसा काढता येतो, यावर लिहिलं होतं. दोन्ही एकत्र वाचले की त्यांची दिशा कळते. अमोनियाला अडवण्याआधी त्यांना ताण काढायचा होता.

त्यातली कल्पना साधी आणि सुंदर आहे. पितळ ६०० अंशांना तापवलं तर ताण जातो, पण कडकपणाही जातो, आणि बुडाचा कडकपणा गेला तर काडतूस धोकादायक होतं. पण २५० ते ३०० अंशांच्या आसपास पुरेसा वेळ ठेवलं तर आतला ताण बराचसा सैल होतो आणि कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. धातूचे कण नव्यानं तयार व्हायला जेवढी उष्णता लागते त्याच्या अलीकडेच थांबायचं. आजही या पितळासाठी साधारण २६० अंश, एक तास, हा आकडा हँडबुकात मिळतो.

म्हणजे उपाय कारखान्यातच होता आणि तो स्वस्त होता. घोडे हलवायची गरज नव्हती. पाठ्यपुस्तकांनी हा भाग दुसऱ्या प्रकरणात टाकला आणि गोष्ट पहिल्या प्रकरणात ठेवली. माझी तक्रार एवढीच आहे.

निबंधाची मर्यादाही सांगायला हवी. तडा नेमका पुढे कसा सरकतो, याचं उत्तर तेव्हा मिळणं शक्य नव्हतं. १९६१ मध्ये मॅटसननं अमोनिया आणि तांब्याच्या द्रावणात आम्लता बदलत नेली आणि ७.२ च्या आसपास पितळ सगळ्यात लवकर फुटतं हे दाखवलं. ते द्रावण आजही आम्ही वापरतो. पृष्ठभागावरचा काळा थर पुन्हापुन्हा फुटतो म्हणून तडा पुढे जातो, की थरातून सुरू झालेली ठिसूळ चीर खालच्या धातूत घुसते, यावर नंतर अनेक वर्षं वाद झाला, आणि माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण त्याच वादात अडकलं आहे. पण "काय केलं की फुटणार नाही" हे १९२१ साली पुरेसं कळलं होतं.

हौशी माणसाचं पुस्तक: हात पक्के, कारण कच्चं

आता तिसरा मजकूर. डॉनेलींचं मॅन्युअल मी उघडलं तेव्हा थोडी नाक मुरडूनच होते. शेकडो काडतुसं, प्रत्येकाचं मापांसकट चित्र, आणि ते कोणत्या पुंगळीपासून कसं घडवायचं याच्या टिपा. वाचत गेले तसा आदर वाढला. ही माणसं पितळाशी रोज बोलतात. आम्ही सॅम्पलशी बोलतो.

एक उदाहरण घेऊ. अर्जेंटिनाच्या जुन्या माउझर रायफलीचं ७.६५ मिमीचं काडतूस. त्याची पुंगळी अमेरिकन .३०-०६ च्या पुंगळीपासून घडवता येते. दोघांचं बूड जुळतं, पण .३०-०६ ची लांबी ६३ मिमीच्या वर, आणि हवी साधारण ५३. म्हणून खांदा खाली ढकलायचा आणि वरचा भाग कापायचा. वाचायला सोपं. पण इथं धातूचं काय होतं ते बघा. आधी जो भाग अंगाची भिंत होता तो आता मान झाला. अंगाची भिंत मानेपेक्षा जाड असते. म्हणून नवी मान जाड होते, आणि ती आतून किंवा बाहेरून तासली नाही तर चेंबरमध्ये गोळी सोडायला तिला फुगायची जागाच उरत नाही. मग दाब वाढतो. चांगली पुस्तकं हे बजावून सांगतात, आणि बरोबरच सांगतात.

पुस्तकं जिथं गप्प होतात तो भाग पुढचा. नळी आतून आधार न देता डायमध्ये दाबून अरुंद केली की तिच्या बाहेरच्या पृष्ठभागात घेराच्या दिशेनं ओढीचा ताण राहून जातो. बांगडीला बाहेरून कुणी सतत उघडू पाहतंय, असा. तडा नेहमी ओढीला काटकोनात जातो. ओढ घेराच्या दिशेनं, म्हणून तडा लांबीच्या दिशेनं. छावणीतल्या पेट्यांमधले उभे तडे आणि आमच्या काचेच्या भांड्यातला उभा तडा, दोन्हींचं कारण हे एकच. घडवलेली पुंगळी ही त्या जुन्या पुंगळीची सख्खी बहीण आहे. उलट तिला एक जास्तीचं दाबणं सोसावं लागलेलं असतं.

आता हौशी मंडळींत फिरणाऱ्या तीन सल्ल्यांकडे येते. पुस्तकांत आणि तोंडी, दोन्हीकडे हे ऐकू येतात.

पहिला: "अंधारात तापवा, मान लालसर दिसायला लागली की थांबा." कुठलाही घन पदार्थ अंधारात डोळ्याला लालसर दिसू लागतो तो साधारण ५२५ अंशांना. म्हणजे लाली दिसली तेव्हा पितळ नरम होण्याच्या तापमानाला पोचलेलं असतं, आणि थोडा वेळ जास्त गेला तर कण वाढतात, मान नको इतकी लिबलिबीत होते. उलट टोकाचा सल्ला म्हणजे ३४० ते ४०० अंशांना वितळणारी लाख किंवा खडू लावून तिथं थांबणं. पण पितळाचं नरम होणं तापमानावर एकट्यावर ठरत नाही. वेळही लागतो, आणि आधी ते किती ठोकलंय हेही. ३५० अंशांना एक तास आणि ३५० अंशांना पाच सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळ न सांगता तापमान सांगणं म्हणजे शिट्ट्या न सांगता कुकर लावायला सांगणं.

दुसरा: "लगेच पाण्यात बुडवा, त्यानंच मऊ होतं." नाही. पाण्यानं कडक होतं ते पोलाद. हे पितळ पाण्यानं कडक होत नाही आणि मऊही होत नाही. मऊ होतं ते तापण्यानं. पाण्याचा उपयोग एकच: मानेची उष्णता खाली बुडापर्यंत पोचू न देणं. सल्ला योग्य, कारण चुकीचं. आणि चुकीच्या कारणाचा धोका असा की कुणी म्हणेल, "मी पाण्यात बुडवतोय ना, मग अख्खी पुंगळी तापवली तरी चालेल." बूड नरम झालेली पुंगळी रायफलीत फुटली तर ३,००० बारचा वायू मागे, नेम धरणाऱ्या चेहऱ्याच्या दिशेनं येतो. इथं कारण सांगणं म्हणजे विद्वत्ता मिरवणं नव्हे.

तिसरा: "जुनं पितळ ठिसूळ झालंय? तापवा, पुन्हा नवं होईल." तापवण्यानं ताण जातो, कडकपणा जातो. आधीच सुरू झालेला तडा मात्र जात नाही. तो तसाच राहतो, फक्त आता मऊ धातूत. आणि जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पारा असायचा. वापरलेल्या पुंगळीच्या पितळात तो पारा शिरतो, कणांच्या सीमांना पोखरतो. ते पितळ तापवून शुद्ध होत नाही. विशेष म्हणजे पितळात ताण उरलाय का हे तपासायची आमची जुनी प्रयोगशाळेतली पद्धत पाऱ्याच्याच क्षाराची: त्यात बुडवा, ताण असेल तर तुकडा बघता-बघता तडकतो. म्हणजे ज्याला आम्ही कसोटी म्हणतो, ते जुन्या पुंगळीत आपोआप होऊन बसलेलं असतं.

तरी मला त्यांचंच का पटलं

एवढी खरडपट्टी काढून झाल्यावर कबुली. हौशी मंडळींच्या एका सवयीनं माझा थिसिस वाचवला.

सेमिनारनंतर मी नवे सॅम्पल केले होते. पितळी नळीचे तुकडे, नीट २६० अंशांना तासभर ठेवून ताण काढलेले, आणि त्यांत किंचित मोठी पोलादी खुंटी दाबून बसवलेली, सगळे एका मापाचे धरून ठेवायला. हे फुटणार नाहीत असा माझा अंदाज होता, कारण ताण काढलाय. सगळे फुटले. दोन महिन्यांचं काम. मी भट्टीचा थर्मोकपल तपासला, द्रावण बदललं, लॅबमेटशी भांडले.

मग लक्षात आलं की हौशी मंडळी मानेला नुसता ताण काढून थांबत नाहीत, मान पूर्ण नरम करतात. सैन्याच्या काडतुसांवरही मानेजवळ तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग मुद्दाम तसाच ठेवलेला दिसतो. का? ताण तर २६० अंशांना गेलाच असता की!

गणित कागदावर मांडलं. मानेचा व्यास समजा ७.८ मिमी. गोळी घट्ट बसावी म्हणून मान ०.०५ मिमी लहान. म्हणजे घेराची वाढ साधारण ०.६४ टक्के. पितळाचा लवचिकतेचा गुणांक ११० गिगापास्कल धरला तर यातून ताण येतो ७०० मेगापास्कलच्या आसपास. एवढं हे पितळ झेलूच शकत नाही. म्हणून मान थोडी कायमची ताणली जाते, आणि उरलेला ताण त्या पितळाच्या झेलण्याच्या मर्यादेवर येऊन थांबतो. पितळ कडक असेल तर ही मर्यादा ४०० मेगापास्कलच्या पुढे, नरम असेल तर १०० च्या आसपास.

याचा अर्थ असा की कडक मानेत गोळी बसवली की ती गोळीच ताण निर्माण करते, आणि पेटीत पडलेल्या काडतुसात तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. आधी काढलेला ताण कितीही नीट काढलेला असो, गोळी तो परत आणते. नरम मान मात्र जास्त ताण धरूच शकत नाही. नरम केल्यानंतर डायमधून नेताना ती थोडी कडक होते, पण हिशोबाची दिशा बदलत नाही. माझी पोलादी खुंटी म्हणजे ती गोळीच होती. मी ताण काढला आणि दुसऱ्या हातानं परत भरला.

नरम केलेल्या तुकड्यांचा संच लावला. ते टिकले, त्याच द्रावणात, त्याच खुंटीसकट. गाइड मॅडमना दाखवलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "हे मेथड्समध्ये लिही, कुठून सुचलं तेही लिही." लिहिलंय.

तर निकाल काय?

पाठ्यपुस्तकातली गोष्ट टाकून देऊ नका, पण तिचा शेवट बदला. पागा, पाऊस आणि अमोनिया सांगितल्यावर विद्यार्थ्याला विचारा: ताण कुठून आला? कुणी भरला? तो काढायचा असेल तर कुठं काढायचा? तिथून गोष्ट कारखान्याकडे वळते आणि धातुशास्त्र सुरू होतं. पुण्यात तर हे जास्तच शोभेल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून इथं आहे, आणि तरी या गोष्टीत आपल्या वाट्याला फक्त पाऊस येतो.

१९२१ चा निबंध मूळातून वाचा. त्याची भाषा जुनी आहे, पण प्रश्न विचारायची रीत आजच्या बऱ्याच पेपरांपेक्षा सरळ आहे.

आणि हौशी लोकांच्या पुस्तकांना हसू नका. त्यांची कारणं बरेचदा चुकतात, पण हाताची सवय सहसा चुकत नाही, कारण चुकीची सवय पुंगळी लगेच फोडून दाखवते. आमच्याकडे चुकीचं कारण पंचवीस वर्षं स्लाइडवर राहू शकतं. त्यांनी मात्र एवढं करावं: प्रत्येक मापाशेजारी एक ओळ कारणाची लिहावी. बूड का तापवायचं नाही, पाणी कशासाठी, वेळ किती. त्या एका ओळीनं कुणाचा तरी डोळा वाचेल.

तुमच्या घरीही हा प्रयोग चालू असू शकतो. गोठ्याच्या किंवा मुतारीच्या शेजारच्या पितळी नळाच्या आट्यांजवळ, घट्ट आवळलेल्या नटाला कधीतरी उभा तडा दिसेल. तेव्हा "पाणी खारं आहे" असं म्हणून सोडून देऊ नका. जवळ अमोनिया आहे का बघा, आणि नट कुणी किती जोरात आवळला होता तेही विचारा. दुसरा प्रश्न विचारायचं आपण नेहमी विसरतो.

परीक्षक सर पुढच्या सेमिनारला पुन्हा येणार आहेत. घोड्यांची स्लाइड मी काढलेली नाही. फक्त तिच्या खाली त्यांचाच प्रश्न लिहिलाय.